कोकणातल्या चढ-उतारांवर गिअर कसा टाकावा: दात्यांपासून पायांच्या फेऱ्यांपर्यंत

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढाखाली रविवारी सकाळी दहा मिनिटं उभं राहिलं, की गिअरच्या बाबतीत लोकांचं नेमकं काय चुकतं ते नुसत्या कानांनी कळतं. सायकली उतारावरून सुसाट येतात, वळतात, चढ लागतो, वेग मरतो आणि मग एकेकाची चेन कडकड वाजायला लागते. एखाद्याची उतरते. तो पाय टेकतो आणि सायकलीला शिव्या घालतो. सायकल बहुतेक वेळा ठीक असते. गिअर उशिरा टाकलेला असतो.

किनाऱ्याचा रस्ता घाटापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. आंबोलीचा किंवा कुंभार्लीचा घाट लांब, पण चढ बऱ्यापैकी एकसारखा. एकदा गिअर जमला की तो बराच वेळ चालतो. किनाऱ्यावर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, मग खाडी, मग पुन्हा सडा. रस्ता सड्यावरून खाली उतरतो, पूल किंवा साकव ओलांडतो आणि पलीकडच्या टोकाला वळण घेऊन लगेच चढायला लागतो. चढ एखाद-दीड किलोमीटरचाच, पण त्यात दहा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर चढणारा, एखादा तुकडा हमखास. म्हणून इथे गिअर टाकायचा तो वळणापलीकडच्या रस्त्यासाठी, आणि तो बरोबर पडला का हे ठरवायचं पायांच्या फेऱ्यांवरून. वेगाच्या आकड्याकडे बघून गिअर ठरवणारा माणूस देवगड येईपर्यंत गुडघा धरून बसतो.

पुढचं सगळं २१ गिअरच्या साध्या सायकलीला धरून लिहिलं आहे, म्हणजे पुढे तीन आणि मागे सात दातेचक्रं. तुमच्याकडे पुढे दोन किंवा एकच चक्र असेल तरी क्रम तोच, एखादी पायरी फक्त गळेल. कॅडेन्स म्हणजे पायडल एका मिनिटात किती वेळा पूर्ण फिरतं तो आकडा. खाली त्याला सरळ ‘फेऱ्या’ म्हटलं आहे.

## टप्पा १: घरी, निघायच्या आधी

दाते मोजा. खरंच मोजा. स्टँडवर लावलेल्या सायकलीजवळ बसून पुढच्या तिन्ही चक्रांचे आणि मागच्या सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चक्राचे दाते कागदावर लिहा. पुष्कळ साध्या सायकलींवर पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ असतात. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागलं, की एका फेरीत मागचं चाक किती वेळा फिरतं ते मिळतं. २४ भागिले २८ म्हणजे साधारण ०.८६. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर एका फेरीत सायकल १.८ मीटर पुढे जाते. सर्वांत जड गिअर, ४२ आणि १४, एका फेरीत ६.३ मीटर नेतो.

हा हिशेब कशासाठी, ते पुढच्या आकड्यांवरून दिसेल. तुम्ही, सायकल आणि पिशवी मिळून ८५ किलो, आणि चढ १० टक्के. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या म्हटल्या तर:

- पुढे ३४, मागे २८: वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास, ताकद सुमारे २२५ वॅट.
- पुढे २४, मागे २८: वेग साडेसहा, ताकद सुमारे १६० वॅट.
- पुढे २४, मागे ३४: वेग सव्वापाच, ताकद सुमारे १३० वॅट.

शनिवार-रविवार सायकल चालवणाऱ्या माणसाला सव्वादोनशे वॅट दहा मिनिटंही जड जातात. म्हणजे तुमच्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर ३४-२८ असेल तर दोष तुमच्या पायांचा नाही, दात्यांचा आहे, आणि तो दुकानात सुटतो. सात चक्रांची १४ ते ३४ दात्यांची फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा अख्खा संच, मिळते. ती घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) ३४ दाते पेलेल का, आणि चेनची लांबी पुरेल का. आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग आखूड असलेला) डिरेलर असेल तर नवी फ्रीव्हील बसते, पण मोठ्या चक्रावर चेन जाताना अडकते.

गिअर नसलेली सायकल असेल तर मागचं चक्र दोन ते चार दात्यांनी मोठं करून घ्या. सपाटीवर थोडा वेग जाईल, चढावर उतरण्याची वेळ कमी येईल. किनाऱ्यावर हा सौदा फायद्याचाच आहे.

गिअरची केबल सोडवून पुसा. किनाऱ्यावर गिअर ‘बिघडण्याचं’ पहिलं कारण हेच, आणि लोक नेमके याच्याकडे शेवटी येतात. खाऱ्या हवेत केबल तिच्या आवरणात गंजते, लाल माती आत बसते, आणि शिफ्टरने, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या कळीने, ढील दिली तरी केबल सरकत नाही. लक्षण असं, की चेन मोठ्या चक्रावर बिनतक्रार जाते, पण लहान चक्रावर परत यायला वेळ लावते.

मागचं चाक उचलून पायडल फिरवत चेन सर्वांत मोठ्या चक्रावर न्या. आता पायडल न फिरवता शिफ्टर लहान चक्राकडे पूर्ण सोडा. केबल लोंबेल. फ्रेमवरच्या खाचांमधून आवरण अलगद निघतं. ते मागेपुढे सरकवून उघडी पडलेली केबल फडक्याने पुसा, थेंबभर तेल लावा, परत बसवा. केबलचे धागे तुटलेले किंवा तांबडे झालेले दिसले तर पुसत बसू नका, बदला.

इशारा: डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू चेनला शेवटच्या चक्रापलीकडे जाऊ न देण्यासाठी असतात. गिअर नीट पडत नाही म्हणून ते फिरवायला जाऊ नका. बारीक जुळणी केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथल्या गोल कडीने होते. चेन मोठ्या चक्रावर चढायला कां-कू करत असेल तर ती कडी पाव फेरा बाहेर काढा, म्हणजे केबल ताणली जाईल. पाव फेरा, मग तपासणी, मग पुन्हा पाव.

चेन मोजा. स्टीलची पट्टी एका पिनच्या मध्यावर धरा. २४ पिना पुढे बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर यायला हवेत. दीड मिलिमीटर जास्त भरले तर चेन बदला. तीन मिलिमीटर जास्त असतील तर मागचे दातेही गेलेले असणार. नुसती नवी चेन टाकली तर ती चढावर जोर दिल्या दिल्या उसळेल.

तेल सायकलच्या चेनचंच. घरात खोबरेल भरपूर असतं म्हणून ते चेनला लावणारे लोक अजून आहेत. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, आणि थंडीच्या पहाटे दापोलीत पारा त्याच्या बराच खाली असतो. त्यात वाळू बसली की मग विचारू नका.

सीटची उंची. सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वांत खाली आणा. गुडघा जेमतेम सरळ व्हावा. चवडा पायडलवर ठेवल्यावर तोच गुडघा थोडा वाकलेला राहील. सीट खाली असेल तर पुढचा एकही टप्पा नीट जमणार नाही, कारण वाकलेल्या गुडघ्याने ८० फेऱ्या मारताच येत नाहीत.

तपासणी: मागचं चाक उचलून सातही चक्रांवर चेन वर-खाली नेऊन बघा. पुढच्या मधल्या चक्रावर असताना एकाही ठिकाणी चेन अडखळत नसेल, तर निघा.

## टप्पा २: सपाटीवर फेऱ्या मोजायला शिका

पहिल्याच दिवशी चढावर जाऊन हे शिकता येत नाही. सपाट तुकडा शोधा. अलिबागवरून आक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्यापर्यंत जाणारा रस्ता नारळी-पोफळीच्या सावलीतला आणि सपाट आहे. मालवणकरांना तारकर्लीचा रस्ता आहे. सकाळी सातच्या आत, म्हणजे पर्यटकांच्या गाड्या सुटण्याआधी.

पुढचं मधलं चक्र, मागचं मधलं. घड्याळात १५ सेकंद बघा आणि उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. त्याला चाराने गुणा. पहिल्यांदा मोजणाऱ्या बहुतेकांचा आकडा ५५ ते ६५ निघतो आणि त्यांना वाटतं, मोजण्यात चूक झाली. चूक नसते, तेवढ्याच फेऱ्या असतात.

आता मागचा गिअर एकाने हलका करा, म्हणजे चेन मागच्या एक पायरी मोठ्या चक्रावर न्या, आणि वेग तोच ठेवा. फेऱ्या आपोआप वाढतील. असं करत १५ सेकंदांत २० पर्यंत आणा, म्हणजे मिनिटाला ८०. पुढे ३४ आणि मागे १८ असताना ८० फेऱ्यांना वेग ताशी १९ किलोमीटर पडतो, सपाटीवर दिवसभर टिकणारा. पाय नुसतेच भिरभिरल्यासारखे वाटतील. वाटू द्या. आठवडाभराने तेच नेहमीचं वाटायला लागतं.

सीटवर बूड उडायला लागलं की फेऱ्या तुमच्या सध्याच्या सवयीपेक्षा जास्त झाल्या. एक गिअर जड करा. कुठेतरी वाचलं म्हणून ९५ च्या मागे लागू नका. फेऱ्या वाढल्या की ताण स्नायूंवरून श्वासावर सरकतो, आणि एप्रिल-मेच्या दमट दुपारी श्वास आणि हृदय आधीच घाम गाळण्यात गुंतलेले असतात. त्या दिवसांत मी सपाटीला ७५ ते ८० वर समाधान मानतो. डिसेंबरात ८५-९० खुशाल.

एकच कसोटी लक्षात ठेवा: मांड्या आधी भरून आल्या तर गिअर जड आहे, दम आधी लागला तर गिअर हलका आहे.

## टप्पा ३: गिअर टाकण्याची क्रिया

डावा हात पुढच्या चक्रांचा, उजवा मागच्या. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर जाते ती पायडल फिरत असतानाच, आणि जोर कमी असेल तर गुपचूप जाते.

१. पायडलवरचा जोर सोडा, पण पाय फिरत ठेवा.
२. शिफ्टर दाबा.
३. पायडलची निदान अर्धी फेरी हलक्या पायाने होऊ द्या.
४. चेन बसल्याचं पायाला जाणवलं की पुन्हा जोर द्या.

पुढच्या चक्राचा डिरेलर चेनला कडेने ढकलतो, आणि तेही तिच्या ताणलेल्या भागात. म्हणून जोरात असताना तो हरतो. मागचा डिरेलर ढिल्या भागात काम करतो, त्यामुळे थोडा जोर चालवून घेतो. यातून पुढच्या सगळ्या प्रवासाचा नियम निघतो: पुढचं चक्र चढाआधी, मागचं चक्र चढात.

पुढचं चक्र मधून लहानावर आणलं की पाय एकदम सुटल्यासारखे होतात. तो झटका टाळायला आधी पुढचं लहान करा आणि लगेच मागचे एक-दोन गिअर जड करा. दोन्ही शिफ्टर एकाच क्षणी दाबू नका. चेन दोन्ही टोकांना हवेत असली की ती कुठे उतरेल याचा भरवसा नाही.

जोड्याही सांभाळा. पुढचं लहान चक्र मागच्या चार मोठ्यांबरोबर, पुढचं मोठं मागच्या चार लहानांबरोबर, मधलं सगळ्यांबरोबर. पुढे मोठं आणि मागे मोठं अशी जोडी केली तर चेन तिरकी ओढली जाते, घासते, लवकर झिजते. तो हलका गिअर मधल्या चक्रावर सरळ चेनने मिळतच असतो.

इशारा: उभ्या सायकलीवर शिफ्टर दाबू नका. तेव्हा काहीच होत नाही, आणि पुढच्या पहिल्या फेरीला सगळं एकदम होतं.

## टप्पा ४: रस्ता आधी वाचा

नकाशावर अंतर बघण्याआधी खाड्या मोजा. प्रत्येक खाडी म्हणजे एक उतार आणि एक चढ. उंचीची माहिती मिळाली तर भागाकार करा: एक किलोमीटरमध्ये शंभर मीटर चढ म्हणजे सरासरी १० टक्के. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटरवर आहे आणि हर्णै समुद्रावर. या दोन आकड्यांवरून हर्णैत मासे घेऊन परत येताना काय वाढून ठेवलंय ते घरीच कळतं.

वाटेत विचारायचं असेल तर प्रश्न नीट विचारा. ‘काका, पुढे चढ आहे का?’ याला उत्तर ठरलेलं: ‘काय नाय ओ, थोडोसोच आसा.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. तो रोज स्कूटरने जातो. त्याऐवजी विचारा, ‘एसटी इथे पहिल्यावर चढते की दुसऱ्यावर?’ ‘फर्स्ट घालूक लागता’ असं उत्तर आलं, की तुम्हीही पुढचं लहान चक्र धरून चला.

## टप्पा ५: उतार, पूल, वळण, चढ

सगळं चुकतं ते इथे. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनचा किनाऱ्याचा रस्ता घ्या किंवा गुहागरहून पालशेत करत वेळणेश्वर, हेदवीकडे जा. हाच क्रम पुन्हा पुन्हा येतो.

उतरण्याआधी समोर बघा. सड्याच्या टोकावरून खाडीच्या पलीकडचा रस्ता झाडांमधून बऱ्याचदा दिसतो. तिथे डांबराची रेघ उभी चढताना दिसली तर निर्णय इथेच घ्या. खाली गेल्यावर ती दिसणार नाही.

उताराच्या वरच्या भागात पुढचं मोठं चक्र, मागचं मधलं. चेन ताणलेली राहते, खड्ड्यांत फ्रेमवर आपटत नाही आणि उतरतही नाही.

उताराच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, ब्रेक दाबण्याआधी, पाय हलके फिरवत पुढचं चक्र मोठ्यावरून मधल्यावर आणा. ‘ब्रेक दाबण्याआधी’ हे शब्द महत्त्वाचे. ब्रेक लागल्यावर दोन्ही हात गुंततात, पाय थांबतात, आणि थांबलेल्या पायांनी गिअर पडत नाही. उतारावर मोठ्यावरून थेट लहानावर उडी मात्र नको. वेगात, ढिल्या चेनवर ती दोन चक्रांची उडी चेनला आत फ्रेमवर पाडते.

ब्रेक वळणाआधी संपवा. वळणात फक्त वळायचं. पुलाच्या तोंडाशी वाळू किंवा जांभ्याची लाल पूड साचलेली असते.

पूल सपाट असतो, आणि तेवढीच काय ती सवड. पुढचं चक्र लहान करा, लगेच मागचे दोन गिअर जड करा, आणि पाय फिरवत राहा. गिअर हास्यास्पद हलका वाटेल. मागून येणारा मित्र पुढे निघून जाईल. जाऊ दे, पहिल्या वळणाच्या वर भेटेल.

चढाच्या पहिल्या वीस-तीस मीटरांत जोर वाढवू नका. फेऱ्या ९० वर असतील, चढ लागत जाईल तशा त्या उतरतील. ७० वर आल्या की मागचा एक गिअर हलका. पुन्हा ७० च्या खाली, पुन्हा एक. एका वेळी एकच.

तपासणी: पहिल्या वळणाशी पोहोचल्यावर मागे निदान एक हलका गिअर हातात शिल्लक आहे का? नसेल तर पुढच्या चढाला पुलावर मागचा एकच गिअर जड करा.

दोन्ही हाताला सवय नसेल तर पहिल्या काही खाड्यांना सोपा मार्ग घ्या: पुलाच्या अलीकडे पूर्ण वेग कमी करा आणि पुलावर आरामात सगळे बदल करा. उताराचा वेग चढाला कामी येतो हे खरं, पण तो फायदा वीस-पंचवीस मीटरांत संपतो. चुकीच्या गिअरचा तोटा माथ्यापर्यंत टिकतो.

## टप्पा ६: चढात

चढात ६० ते ७५ फेऱ्या पुरेत. सर्वांत हलका गिअर टाकूनही फेऱ्या ५० च्या खाली गेल्या, की गुडघ्यावर येणारा भार झपाट्याने वाढतो. तिथे उतरा आणि चालत जा. ताशी चार किलोमीटरने सायकल ढकलणं आणि पाचने कण्हत चालवणं यात वेळेचा फरक नगण्य असतो, आणि पाय पुढच्या खाडीसाठी शिल्लक राहतात. उतरायला लाज वाटणाऱ्यांचे गुडघे मी पाहिले आहेत.

डाव्या वळणांकडे लक्ष द्या. आपण डावीकडून जातो, म्हणून डाव्या वळणाची आतली, जास्त खडी बाजू आपल्या वाट्याला येते. वळणाच्या दहा मीटर अलीकडे एक गिअर हलका करा. गाडी नसल्याची खात्री असेल तरच थोडं बाहेरून घ्या. उजव्या वळणात उलट: बाहेरची बाजू सौम्य असते, तिथे श्वास परत मिळवा.

उभं राहायचं असेल तर आधी मागचा एक गिअर जड करा, मग उठा. हलक्या गिअरमध्ये उभं राहिलं की पायडल पायाखालून निसटल्यासारखं होतं आणि हँडल डोलतं. पाच-दहा फेऱ्या उभ्याने, मग बसा, मग गिअर परत हलका. ओल्या रस्त्यावर किंवा वाळूवर उठू नका; वजन पुढे जातं आणि मागचं चाक फिरतं जागच्या जागी.

चढात गिअर अडला तर? एक-दोन फेऱ्या जोरात मारून सायकलीला थोडा वेग द्या, मग क्षणभर जोर सोडून शिफ्टर दाबा. त्या क्षणभराच्या उसन्या वेगात चेन बसते. पुढच्या चक्रासाठी हा उपाय वापरायची वेळ आली, तर टप्पा ५ मध्ये कुठेतरी काहीतरी राहून गेलं आहे.

## टप्पा ७: सड्यावरचा वारा

माथ्यावर आलात, रस्ता सपाट झाला, लोक हावरटासारखा जड गिअर टाकतात. रत्नागिरीकडचे सडे उघडे बोडके असतात. फेब्रुवारी ते मे, दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे तिथे बऱ्याचदा वायव्येकडून जोरात वाहतात. उत्तरेकडे चाललेल्या माणसाला ते तोंडावर येतात. डोळ्यांना सपाटी दिसते, पायांना चढ लागतो.

अशा वेळी पायांचं ऐका. मागचे दोन गिअर हलके करा, फेऱ्या ८० च्या आसपास ठेवा, वेग १३-१४ वर आला तरी दुर्लक्ष करा. मोठी सफर आखत असाल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे आखा आणि दुपारचे लांब उघडे तुकडे टाळा. सकाळी वारा जमिनीकडून आणि मंद असतो.

माथ्यावर पुढचं चक्र परत मधल्यावर आणताना घाई नको. उतार सुरू होईपर्यंत लहान चक्रावरच पाय मोकळे करा.

## टप्पा ८: फेरीबोट

आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. अशा ठिकाणी रस्ता बऱ्याचदा जेट्टीपर्यंत उतरतो आणि पलीकडे जेट्टीवरूनच चढायला लागतो. मध्ये पाव-अर्धा तास बोटीवर पाय थंड होतात, आणि उतरल्यावर मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असते. त्या गोंधळात जड गिअरवर सुरुवात म्हणजे चेन उतरायची हमखास वेळ.

जेट्टीकडे येताना, पाय फिरत असतानाच, पुढचं लहान आणि मागचं मधलं चक्र लावून ठेवा. विसरलात तर बोटीवर एका हाताने सीट धरून मागचं चाक उचला, शिफ्टर दाबा आणि दुसऱ्या हाताने पायडल फिरवा. शेजारचे बघतील, बघू देत.

बोटीवरून सायकल हातात धरून उतरा. जेट्टीचा उतार ओला असतो, शेवाळ धरलेलं असतं. गाड्या आधी जाऊ द्या, मग बसा. पहिली पाच मिनिटं नेहमीपेक्षा एक गिअर हलका.

## टप्पा ९: दुखलं तर काय बदलायचं

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखत असेल तर जड गिअर किंवा खाली असलेली सीट. आधी सीट बघा, मग फेऱ्या वाढवा. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट जास्त वर असण्याची शक्यता. कंबर चढात भरून येत असेल तर बहुतेक तुम्ही हँडल ओढून जड गिअर रेटताय. सूज आली किंवा दोन-तीन दिवसांत दुखणं गेलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा; गिअरने बरा होणारा प्रकार तो नव्हे.

## टप्पा १०: घरी आल्यावर

किनाऱ्यावरून आलेल्या सायकलीला रात्रभर तशीच ठेवू नका. गोड्या पाण्याने चेन, दोन्ही डिरेलर आणि मागची चक्रं धुवा. पाण्याचा जोरदार फवारा चाकाच्या मध्यावर आणि पायडलच्या आसावर मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. कोरड्या फडक्यात चेन धरून पायडल उलटं फिरवत पुसा, वाळू द्या, मग प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल. दहा मिनिटांनी वरवरचं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त वाळू धरतं.

पावसाळ्यात घट्टसर तेल वापरा आणि प्रत्येक भिजण्यानंतर हे करा. पुळणीवर, ओल्या वाळूतून सायकल चालवायचा मोह झालाच असेल तर त्याच संध्याकाळी, जेवणाआधी.

ठेवताना चेन मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणि पुढच्याही लहान चक्रावर आणून ठेवा. केबल आणि डिरेलरच्या स्प्रिंगवर ताण राहत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी निघताना ती जोडी तशीच धरून फाटकाबाहेरच्या चढाला लागू नका.